हकीकत घेणारे डॉक्टर

डॉक्टरांकडे एक सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोल्हापुरात कुणी पाहिलं नव्हतं. घरापासून मंगळवार पेठेतल्या दवाखान्यापर्यंत ती हातात धरून ते चालत येत आणि संध्याकाळी तशीच परत नेत. पंक्चर झाली असावी असं वाटून नवखी माणसं त्यांना पंक्चरवाल्याचं दुकान दाखवायची. डॉक्टर आभार मानून पुढे जायचे. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "बसलो की पोरं दिसत न्हाईत."

पोरं म्हणजे रस्त्यावरची, नुकती चालायला लागलेली. तसं एखादं दिसलं की डॉक्टर सायकल कमरेला टेकवून उभे राहत आणि ते पोर पडेपर्यंत बघत बसत. पडल्यावर ते उठतं कसं, हे त्यांना बघायचं असे. आयांना हे विचित्र वाटायचं. एकीने तर, हा म्हातारा नजर लावतोय म्हणून, त्यांच्या अंगावर अख्खी घागर रिकामी केली होती. डॉक्टर ओल्या कोटाने दवाखान्यात आले आणि कोट दोरीवर टाकता टाकता मला म्हणाले, "उजव्या हातावर भार देऊन उठतंय. झकास हाय."

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा संस्थान विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी पुण्याहून डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन आले होते. वडील शाळामास्तर. स्वतःचा दवाखाना थाटण्याइतकी ऐपत नव्हती आणि अनुभवही नव्हता. म्हणून वडील मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. माझं प्रशस्तिपत्रक डॉक्टरांनी हातात घेतलं, पण उघडलं नाही.

"तुम्ही चालायला कवा लागला?" त्यांनी मला विचारलं.

मला काय माहीत? मी वडिलांकडे पाहिलं. वडील छताकडे बघायला लागले.

"आईला विचारून या. उद्या."

त्या रात्री आईने मला जेवताना सगळं सांगितलं. वडिलांची बदली तेव्हा पन्हाळ्याला होती, मी तेरा महिन्यांची होते, आणि शेजारच्यांचं मांजर पकडायला म्हणून मी भिंत सोडून निघाले होते. दुसऱ्या दिवशी मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मांजराचा रंगसुद्धा विचारला. मग म्हणाले, "सोमवारपासून या, बाई."

मुलांचे डॉक्टर अशी त्यांनी पाटी लावलेली नव्हती. तशी पाटी तेव्हा गावात कुणाचीच नव्हती. पण उशिरा बसणारी, उशिरा चालणारी, मान न धरणारी पोरं पार गारगोटी, बिद्री, पन्हाळ्याकडून त्यांच्याकडे यायची. दवाखाना म्हणजे एक लांब खोली. तिच्यात टेबल-खुर्ची होती, पण तिच्यावर औषधांच्या बाटल्या असत. डॉक्टर जमिनीवर बसत. मधोमध एक काळं घोंगडं अंथरलेलं असे, त्यावर पोर, पोराभोवती आईबाप आणि आजीआजोबा. जवळ एक घुंगरू, एक लाल बांगडी आणि गुळाचा खडा, एवढी हत्यारं. मोटारीतून आलेल्या एका शेठाणीने बसायला खुर्ची मागितली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "खुर्चीवरनं तुमाला पोर दिसंल, पर पोराला तुमी दिसणार न्हाई." शेठाणी जरीचं पातळ सावरत घोंगड्यावर बसल्या.

रोग्याची माहिती घेणं याला डॉक्टर 'हकीकत घेणं' म्हणायचे. ती घ्यायला त्यांना दोन-दोन तास लागत. बाहेर ओट्यावर माणसं खोळंबलेली असत, कुणी ओरडायचं, "अहो डाक्टर, आमीबी हाय की हितं!" आतून उत्तर जायचं, "हाय न्हवं? मग बसा की!"

माझी पहिली हकीकत चार ओळींची होती. दीड वर्षाचा मुलगा, चालत नाही, ताप नाही, भूक ठीक. डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "ही पोराची हकीकत हाय का चोरीला गेलेल्या भांड्याची फिर्याद?" कागद परत माझ्या हातात. "नाव काय त्याचं? कुणाच्या अंगावर खेळतोय? कशाला हसतोय? लिहिलंय कुठं?"

खरी अडचण वेगळीच असे. पोर कधी बसलं, कधी रांगलं, हे आयांना महिन्यांत सांगता यायचं नाही. मी विचारायचे, "कितव्या महिन्यात बसायला लागला?" समोरची बाई घाबरून काहीतरी आकडा सांगायची. डॉक्टर महिना कधी विचारत नसत. माझ्यासमोर एका बाईला त्यांनी विचारलं, "पोराला खाली ठेवून, दोन्ही हातांनी भाकरी पहिल्यांदा कवा थापली?" बाईचा चेहरा असा उघडला की बघत राहावं. "भुईमूग काढायला लागलो तवा," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो', 'गेलो' असंच बोलतात, तशी ती बोलत होती. "त्याच्या आदी एका हातानंच थापत हुतो. आत्याबाई रागं भरायच्या, भाकरी वाकडी हुती म्हनून." डॉक्टरांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "लिहा. सात महिने."

मान धरली का, हे विचारायचं तर ते विचारत, "कडेवर कवा घेतलं?" आणि पोर रांगायला लागलं का, याला त्यांचा प्रश्न होता, "चुलीला आडोसा कवा लावला?" आई खोटं सांगत नाही, आपला प्रश्न चुकतो, असं त्यांचं म्हणणं. 'मंद' हा शब्द दवाखान्यात बंद होता. एका मोठ्या कचेरीतले साहेब आपल्या नातवाबद्दल तो शब्द बोलले, तेव्हा डॉक्टरांनी गुळाचा खडा खाली ठेवला. "दिवा मंद असतोय, साहेब. पोर उशिराचं असतंय." साहेबांना आवडलं नाही, पण नातवाला घेऊन ते पुढेही येत राहिले.

आता संभाची गोष्ट सांगते.

तो आला तेव्हा मला डॉक्टरांकडे दीड वर्ष झालं होतं आणि मला सगळं यायला लागलंय अशी माझी समजूत होती. थंडीचे दिवस होते. गारगोटीच्या पलीकडच्या खेड्यातून चौघं आली. संभा अडीच वर्षांचा, त्याची आई हौसा, बाप गणपा आणि गणपाची आई. म्हातारी उंच, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. हौसा विशीतली, सगळ्यांच्या मागे, डोक्यावरचा पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला.

डॉक्टर अजून आले नव्हते, म्हणून मी सुरुवात केली. पोर बसत नव्हतं, उभं केलं की पाय ताठ व्हायचे. मी छाती, मनगटं चाचपली आणि दहा मिनिटांत कागदावर लिहिलं, मुडदूस. माशाचं तेल, कोवळं ऊन. तेवढ्यात दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. कोट काढून घोंगड्यावर बसले. घुंगरू वाजवलं, संभाने मान वळवली. बांगडी दाखवली, संभा खुदकन हसला आणि हात पुढे केला. मग डॉक्टरांनी त्याला काखेत धरून उभं उचललं. त्याचे पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मुडदूस झालेल्या पोराचे पाय असे चढत नाहीत, हे मला तेव्हा आठवलं. कान तापले माझे.

"बोला, पावणं," डॉक्टर गणपाला म्हणाले. "निघालासा कवा? काय खाल्लासा?"

गणपाच्या आधी म्हातारीच बोलली. "खायचं ऱ्हाऊ द्या, डाक्टर. एवढंच सांगा, ह्या पोरीच्या रगतात खोट हाय का न्हाई? पुढची पोरंबी अशीच हुनार का? तसं असंल तर तिला म्हायेरी धाडायचं ठरलंय आमचं. तिच्या भावाला निरोपबी गेलाय."

हौसाने मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"कशावरनं म्हणता खोट?"

"गिराणात भाजी चिरली हिनं. पाचव्या म्हैन्यात. नको नको म्हनत हुतो मी."

"लिहा, बाई," डॉक्टर मला म्हणाले. "ग्रहणात भाजी चिरली."

मी लेखणी थांबवली. "असलं काय लिहायचं, डॉक्टर?"

"म्हातारी सांगतीया ते लिहायचं. कसली भाजी, आजी?"

"वांगी."

"वांगी. लिहा."

मी चिडून लिहिलं. त्यानंतर तासभर डॉक्टर हौसाशी बोलत होते. कडेवर कवा घेतलं, तर वर्ष उलटून गेल्यावर. हाक कुणाला मारतोय, तर आजीला. पाजताना चोखायचा का, तर पहिले पंधरा दिवस नाही, बोळ्याने दूध घालावं लागलं. बाळंतपण माहेरी झालं का? नाही. माहेरी नेणार होते नवव्यात, पण आठव्यातच पोट दुखायला लागलं. श्रावणातले दिवस, वेदगंगा फुगलेली, गाडी गारगोटीला जाईना. सुईण गावचीच.

"रडला कवा?"

"मला सुद न्हवती," हौसा म्हणाली. ती पहिल्यांदाच डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून बोलली. "सुद आली तवा माझ्या कुशीत हुता. रडत हुता बारीक."

डॉक्टरांनी संभाला उचलून आजीच्या मांडीवर दिलं. मग गणपाला म्हणाले, "कोपऱ्यावर नळ हाय. हिला घेऊन जावा, तोंड धुवा, काहीतरी खाऊन या दोघं. पोराला आजी सांभाळतील."

ती दोघं गेली. संभा आजीच्या मांडीवर होता, तिच्या गळ्यातली पोत ओढत होता. डॉक्टरांनी ग्रहणाचं किंवा बाळंतपणाचं काहीच काढलं नाही. विचारलं, "म्हशी किती, आजी?"

"दोन हुत्या तवा. आता एक."

"धार कोण काढतंय?"

"मीच की. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत."

"पोरगा झाला त्या दिवशी धार कुणी काढली?"

म्हातारीचे हात थांबले. संभाने पोत ओढली, तरी तिने त्याचा हात सोडवला नाही. बाहेर ओट्यावर कुणीतरी खोकत होतं.

"मीच काढली," ती म्हणाली. "दोन्ही म्हशींची."

डॉक्टरांनी घुंगरू संभाच्या हातात दिलं.

"दुपारपासनं पोट धरून बसली हुती. मला वाटलं, आठवा तर हाय, कामाचं नाटक करतीया. वैरणीचा भारा उचलायला लावला मी तिला. दिस मावळायला सुटली. पोर निळं. हूं न्हाई की चूं न्हाई. सुईणीनं उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, कांदा फोडून नाकाशी धरला. मी म्हनलं, बाई, ऱ्हाऊ दे आता. गेलंय ते. फडक्यात गुंडाळ." तिचा आवाज अगदी साधा होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. "आनि मी गोठ्यात गेलो. म्हशी हंबरत हुत्या. एकीची धार काढली, दुसरीची काढली. चरवी उचलली तवा आत रडल्यालं ऐकू आलं. सुईणीनं सोडलं न्हवतं. मी सोडलं हुतं."

मी तरुण होते आणि मघापासून पदर गुंडाळणाऱ्या हौसाकडे बघत होते. माझ्या तोंडून गेलं, "आणि एवढं माहीत असून तुम्ही तिच्या रक्तात खोट काढता? तिला माहेरी धाडता?"

"बाई!" डॉक्टर ओरडले. माझ्यावर ते आयुष्यात एकदाच ओरडले, ते असं. संभा दचकून रडायला लागला. डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "बाहेर जावा. आजींना चहा घेऊन या. तुमी सोता आना."

मी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कपबशी धरून आणली. डॉक्टरकीची परीक्षा पास झालेली मुलगी भर रस्त्याने चहा घेऊन चाललेली बघून दोन ओळखीच्या बायका थांबल्या. परत आले तेव्हा डॉक्टर म्हातारीच्या शेजारी बसून संभाचे पाय हळूहळू फाकवून दाखवत होते. "अडीच वर्स कुनाला बोलला न्हाईसा," ते म्हणत होते. "लई जड झालं असंल." म्हातारीने माझ्या हातातून कप घेतला आणि माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघू शकले नाही.

गणपा आणि हौसा परत आली. डॉक्टरांनी गणपाला समोर बसवून सांगितलं. पोर दिवस भरायच्या आधी झालं, श्वास घ्यायला उशीर लागला, त्यात डोक्याला इजा झाली. तिथून पायांना हुकूम नीट पोचत नाही. यात ग्रहणाचा संबंध नाही, आईच्या रक्ताचा नाही. पुढची मुलं अशीच होतील असं काही नाही.

"चालंल का पर?" गणपाने विचारलं.

"ते मला म्हाईत न्हाई. बसंल. हुशार हाय. चालंल का ते चार-पाच वर्सांनी मला तुमीच सांगायचं."

"मग उशीर का लागला श्वासाला?"

डॉक्टरांनी म्हातारीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सांगणार नव्हते, एवढं मला कळलं. म्हातारीने कप खाली ठेवला आणि लेकासमोर, सुनेसमोर सगळं पुन्हा सांगितलं. भारा, कांदा, फडकं, दोन म्हशी. शेवटी म्हणाली, "पोरीचा गुन्हा न्हाई. तिच्या भावाला सांगावा धाड, येऊ नगं म्हनून."

हौसाने ऐकलं. उठली, सासूच्या मांडीवरून पोर उचललं आणि घोंगड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसली. निघताना गाठोडी म्हातारीने उचलली. कुणी तिला नको म्हटलं नाही.

मग ती मंडळी दर महिन्याला येऊ लागली. डॉक्टरांनी औषध असं काही दिलं नव्हतं. पोराला पाय फाकवून कडेवर घ्यायचं, उताणं टाकून ठेवायचं नाही, तेल लावून पाय असे असे हलवायचे, हे सगळं म्हातारीनेच शिकून घेतलं. हौसाला शेतात जावं लागायचं. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर एक मोठा पांगुळगाडा काढून दिला, चार वर्षांच्या पोराला पुरेल असा, आणि गारगोटीच्या सुताराने तो केला. पहिला एका बाजूला कलायचा. डॉक्टर स्वतः एस.टी.ने गारगोटीला गेले आणि सुताराशी दिवसभर भांडून दुसरा करून घेतला.

सासू-सुनेचं मात्र जुळेना. गणपा एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "डाक्टर, आईला जेवाय वाढती, पर बोलत न्हाई. वर्स झालं."

"वाढती न्हवं?" डॉक्टर म्हणाले. "मग थांबा."

मला ते उत्तर अपुरं वाटलं होतं. मी असते तर दोघींना समोर बसवून समजावलं असतं. डॉक्टरांनी कधी बसवलं नाही. संभा साडेतीनाचा झाला, आधाराशिवाय बसायला लागला, गाण्याच्या दोन ओळी म्हणायला लागला. त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा म्हातारीबरोबर हौसा स्वतः आली होती. संभाला बघून झालं. ती दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"डाक्टर, आत्याबाईंचं गुडघं सुजल्यात. पोराला घेऊन दिवसभर बसत्यात, म्हनून. तेवढं बघा की."

डॉक्टर म्हणाले, "त्यांना आत बोलव."

हौसा दारात उभी राहून ओट्याकडे बघत म्हणाली, "आत्याबाई, या. तुमाला बोलवत्यात." म्हातारी लगेच उठली नाही. तिला ऐकू आलं नसेल असं वाटून हौसाने परत हाक मारली. मग ती भिंत धरून उठली आणि आत आली. डॉक्टरांनी तिचे गुडघे बघायला निदान अर्धा तास लावला. हौसा शेजारी बसून होती.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. माझं लग्न झालं, तरी मी दवाखाना सोडला नाही. डॉक्टर थकले. घोंगड्यावरून उठताना माझा हात धरायला लागले. हकीकती मात्र तेवढ्याच लांब. आठवड्यातून एकदा तरी ते मला म्हणत, "बाई, तुमची लेखणी लई पळतीया." अखेर एके दिवशी सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, घरीच बसल्या जागी गेले.

दुपारी त्यांच्या दारात ही गर्दी. शेठाणी होत्या, कचेरीतले साहेब होते, डोक्याला पटका बांधलेली कितीतरी माणसं होती जी मी ओळखत नव्हते, पण त्यांच्या पोरांची हकीकत मला पाठ होती. चारच्या सुमारास पुरुषमंडळी डॉक्टरांना घेऊन पंचगंगेकडे गेली. अंगण रिकामं झालं. मी पायरीवर बसून होते.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला म्हातारी दिसली. आता पार वाकलेली. तिच्या पुढे नऊ वर्षांचा संभा होता, दोन्ही हातांत काठ्या, टाचा वर, गुडघे एकमेकांना घासत, दर चार पावलांनी थांबत. सदरा घामाने भिजला होता. तो दारात पोचला, आत बघितलं, आणि डॉक्टरांना नेलंय हे त्याला कळलं.

"मिळंल त्या गाडीनं आलो, बाई," म्हातारी म्हणाली. "ठाण्यावरल्या टेलिफोनवर सांगावा आला. स्टँडवर उतरून टांगा करू म्हनलं, तर ह्यो ऐकंना. डाक्टरकडं चालत जायाचं म्हनला. दोन तास लागलं. आनि मानूस गेलं निघून." ती त्याला रागावत नव्हती, बोलता बोलता पदराने त्याचा घाम पुसत होती. "सांगत हुतो मी तुला, टांगा करू म्हनून."

संभा काठ्यांवर रेलून उभा होता. ओठ घट्ट मिटलेले. मला म्हणाला, "कुटं न्हेलंय त्यास्नी?"

"नदीवर."

"लांब हाय?"

"आहे थोडं लांब. टांगा आणते."

त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

घरातल्या बायका मागून म्हणाल्या की बायकांनी तिकडे जायचं नसतं. मी चपला घातल्या. म्हातारीने पदर खोचला. गंगावेशीपर्यंत पोचायलाच आम्हाला तास लागला, आणि समोरून घाटावरची माणसं परतायला लागली होती. आमच्याजवळ येताच ती बाजूला होत, वाट देत. आम्ही तिघं संभाच्या पावलांनी नदीकडे चाललो होतो.